परीक्षेच्या भीतीची प्रश्नावली: विधान लिहिण्यापासून अल्फापर्यंत

एम.ए.च्या प्रबंधासाठी प्रश्नावली करताना बहुतेकांची धडपड अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं आपसांत किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७० च्या वर नेण्यासाठी चाललेली असते. खरं तर विधानं कागदावर उतरतात तेव्हाच तो आकडा बराचसा ठरून गेलेला असतो. मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलांची परीक्षेची भीती मोजायची आहे, असं धरून चालू.

आधी भीतीचे भाग पाडा: मनातली काळजी, शरीरावर दिसणारी लक्षणं, अभ्यासाची टाळाटाळ. प्रत्येक भागासाठी दहा-बारा विधानं लिहा. शेवटी त्यातली निम्मी उरतील, म्हणून सुरुवातीला हात आखडता घेऊ नका.

‘परीक्षेआधी झोप येत नाही आणि भूक लागत नाही’ हे विधान बाद. झोप उडालेला पण व्यवस्थित जेवणारा मुलगा कुठे खूण करणार? ‘मी पेपर पाहून घाबरतो’ हेही नको, कारण अर्धा वर्ग मुलींचा असतो. प्रत्येक ओळीत ‘घाबरतो/घाबरते’ लिहिलं तर वाचताना ठेच लागते. त्यापेक्षा वाक्यच फिरवा: ‘पेपर हातात पडला की छातीत धडधडतं’. ‘मला’, ‘माझे’, ‘माझ्या’ असलेल्या रचनेत हा पेच सहसा येतच नाही.

पर्याय पाच ठेवा: कधीच नाही, क्वचित, काही वेळा, बऱ्याचदा, नेहमी. वर काळ नेमका लिहा, ‘गेल्या दोन आठवड्यांत’. मग विधानात पुन्हा ‘नेहमी’ किंवा ‘कधी कधी’ घालू नका. ‘नेहमी डोकं दुखतं’ याला ‘क्वचित’ म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही.

डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करणारी मुलं ओळखायला तीन-चार उलट, म्हणजे भीती नसल्याचं सांगणारी विधानं हवीत. ती नकारार्थी नसावीत. ‘मला भीती वाटत नाही’ याला ‘कधीच नाही’ म्हटलं की दोन नकार एकमेकांना भिडतात आणि मुलं गोंधळतात. ‘पेपर लिहिताना मन शांत असतं’ हे चांगलं.

विषयातल्या पाच-सहा जाणकारांना विधानं दाखवा. त्यानंतर आठ-दहा मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान वाचायला लावा आणि विचारा, ‘तुझ्या शब्दांत सांग, यात काय विचारलंय?’ वेळेअभावी हीच पायरी गाळली जाते, आणि सर्वांत जास्त चुका हिच्यातच सापडतात. मुलं अठराच्या आतली आहेत, त्यामुळे शाळेची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार आधी घ्या.

आता शंभरेक मुलांवर पायलट, म्हणजे प्रश्नावलीची छोटी चाचणी. आकडेमोडीला जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. उलट विधानांचे गुण ६ मधून वजा करायचे: ५ चा १, ४ चा २. एक्सेलमध्ये हे उलटवून झालं असेल तर जामोवीत पुन्हा उलटवू नका, नाहीतर ते मूळपदावर येतं. एखाद्या विधानाचा बाकीच्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन्हींचे गुण किती सोबत वाढतात-घटतात, हे सांगणारा आकडा) उणे दिसला, तर ते काढून टाकण्याआधी इथेच चूक शोधा. हा सहसंबंध ०.३० च्या खाली असलेली आणि जवळपास सगळ्यांनी एकच पर्याय निवडलेली विधानं वगळण्याच्या यादीत घ्या. पण त्यामुळे भीतीचा एखादा भागच नाहीसा होत असेल, तर विधान नव्याने लिहा.

क्रोनबाख यांचा १९५१ सालचा अल्फा विधानांच्या संख्येवरही फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर १० विधानांना अल्फा सुमारे ०.८१ येतो. सहसंबंध जेमतेम ०.१० असला तरी ४० विधानं जमवली की ०.८२ येतोच! म्हणून अल्फा भागवार काढा आणि शेजारी हा सरासरी सहसंबंधही द्या. ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका. बहुधा एकच गोष्ट शब्द बदलून विचारलेली असते.

गुण टिकून राहतात का, हे पाहायला पुनर्चाचणी दोन-तीन आठवड्यांनी, त्याच मुलांवर घ्या आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढा. मधे सराव परीक्षा किंवा निकाल येऊ देऊ नका. भीतीच बदलली तर कमी सहसंबंधाचा दोष प्रश्नावलीवर येतो. दोन्ही कागद जुळवायला नावाऐवजी खूण घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, घरच्या फोनचे शेवटचे दोन अंक.

विधानं गाळल्यावर त्याच शंभर मुलांवर काढलेला अल्फा जरा खुशामतीच असतो, कारण निवड त्यांच्याच उत्तरांवरून झालेली असते. घटक विश्लेषण (विधानं खरंच ठरवलेल्या भागांत गटागटाने पडतात का, याची तपासणी) आणि अंतिम अल्फा यांसाठी दोनशे-तीनशे नवी मुलं घ्या. पायलटमधली मुलं त्यात मिसळू नका.