ढकला की ओढा : चिनी अक्षरांतला हात ओळखताना

चीनमध्ये पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एका दुकानाचे काचेचे दार मी बराच वेळ ढकलत राहिलो आणि आतल्या बाईंनी खुणेने ओढायला सांगितल्यावर कुठे ते उघडले. दारावर एकच अक्षर लिहिलेले होते आणि त्याच्या डाव्या अंगाला असलेला 'हात' मला नीट ओळखू आला होता. चूक नेमकी तिथेच झाली. 'थ्वेई' म्हणजे ढकला आणि 'ला' म्हणजे ओढा या दोन्ही अक्षरांत डावीकडे तोच हात असतो. उजवीकडे मात्र पहिल्यात आखूड शेपटीचा पक्षी आणि दुसऱ्यात उभा माणूस असतो, आणि ढकलण्या-ओढण्याशी या दोघांचा काही संबंध नसून ते मुख्यतः उच्चारासाठी तिथे आलेले आहेत. हात केवळ एवढेच सांगतो की काम हाताचे आहे. कोणते, ते उजवी बाजू पाहिल्याशिवाय कळत नाही.

उच्चारांबद्दल आधीच सांगून ठेवतो. रोमन लिपीत जिथे 'डी' लिहितात तिथे प्रत्यक्षात 'त' आणि जिथे 'टी' लिहितात तिथे 'थ' ऐकू येतो. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद आपल्याला बाराखडीपासूनच ठाऊक असल्यामुळे मी इथे ध्वनीला जवळची देवनागरी वापरली आहे.

हात या अर्थाचे मूळ अक्षर 'शौ' चार रेघांचे आहे : वर एक छोटी तिरकी रेघ, खाली दोन आडव्या आणि मधून उतरणारी, शेवटी आकड्यासारखी वळणारी एक उभी. हेच अक्षर दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे बसते तेव्हा तीन रेघांचे होते : एक आडवी, तिला छेदणारी आकडेवाली उभी, आणि डावीकडून उजवीकडे वर जाणारा एक फटकारा. वर जाणाऱ्या अशा रेघेला 'थी' म्हणतात आणि त्यावरून या घटकाचे नाव 'थीशौफांग' असे पडले आहे. फटकारा वर जाण्याचे कारण व्यवहारी आहे. पुढचा भाग उजवीकडे लिहायचा असल्यामुळे लेखणी आपोआप तिकडे वळते. ही शेवटची रेघ उलट दिशेने, म्हणजे डावीकडे खाली ओढली, तर हाताऐवजी 'छाय' हे गुणवत्ता या अर्थाचे निराळेच अक्षर तयार होते, म्हणून पहिल्या महिन्यात केवळ या फटकाऱ्याचा सराव केला तरी तो वेळ फुकट जात नाही.

नवशिक्याला या कुटुंबातले सर्वांत आधी भेटणारे अक्षर 'ता', म्हणजे मारणे. वर्गातले अमराठी सहाध्यायी या अक्षराने हैराण झाले होते, कारण फोन करणे, छत्री उघडणे, स्वेटर विणणे या सगळ्यांना चिनीत 'ता' चालतो. मला त्यात फारसे नवल वाटले नाही. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो आणि त्यात कोणालाही लागत नाही. चिनी माणूस दोरीला गाठ 'मारतो' आणि कोळी मासे 'मारतो' तेव्हा तर क्रियापदही आपलेच असते. अशा ठिकाणी इंग्रजीतून अर्थ पाठ करण्याचा द्राविडी प्राणायाम मराठी विद्यार्थ्याने करू नये.

उजवी बाजू कशी वाचावी, हे मला 'पाओ' या घराण्याने शिकवले. 'पाओ' म्हणजे गुंडाळणे. त्याच्या डावीकडे हात ठेवला की मिठी मारणे, पाय ठेवला की धावणे, पाणी ठेवले की भिजवणे आणि अन्न ठेवले की पोट भरणे असा अर्थ होतो. उच्चार 'पाओ' किंवा 'फाओ' यांपैकीच राहतो, फक्त सूर बदलतो. या चार अक्षरांना मी चार वेगवेगळ्या धड्यांत भेटलो होतो आणि चारही वेळा कोरे पाठ केले होते. एका संध्याकाळी ती एकाच कागदावर शेजारी लिहिली आणि त्यानंतर ती पुन्हा पाठ करावी लागली नाहीत.

हात नेहमी डावीकडेच असतो असे मात्र नाही. 'खान', म्हणजे पाहणे, या अक्षरात तो डोळ्याच्या वर तिरका धरलेला असतो. उन्हात एसटीची वाट पाहणारा माणूस कपाळाशी हात धरतो, अगदी तसा. घेणे या अर्थाच्या 'ना'मध्ये तो तळाशी असतो. आणखी जुना हात 'यौ' या दोन रेघांच्या अक्षरात लपलेला आहे. हे मुळात उजव्या हाताचे चित्र होते, आज स्वतंत्रपणे त्याचा अर्थ 'पुन्हा' असा होतो. बँकेतून पैसे काढताना जे 'छ्यू' अक्षर दिसते त्यात कानाशेजारी हाच हात आहे, आणि त्यामागे मारलेल्या शत्रूचा डावा कान कापून आणण्याची प्राचीन युद्धातली रीत आहे. हाती छडी घेतलेला हात 'च्याओ', म्हणजे शिकवणे, या अक्षराच्या उजवीकडे असतो. देणे-शिकवणे या अर्थाच्या 'शौ'मध्ये (हा 'शौ' निराळा) वर नखे रोखलेला एक, खाली एक आणि डावीकडे एक असे तीन हात आहेत. ही दोन अक्षरे जोडली की प्राध्यापक हा शब्द होतो. अविवाहित असले तरी चिनी प्राध्यापक असे चतुर्भुजच असतात.

मात्र या आनंदात मी पुढे एक घोळ घातला. जिथे 'यौ' दिसेल तिथे हात शोधू लागलो आणि कोंबडी या अर्थाच्या अक्षरात तो सापडल्यावर तिला कोण पकडते आहे याची कहाणीही रचली. वस्तुतः 1956च्या लिपी-सुलभीकरणात अनेक गुंतागुंतीच्या भागांच्या जागी 'यौ' ही नुसती खूण म्हणून बसवली गेली. कोंबडी, नाटक, अवघड आणि खुद्द 'हान' (म्हणजे चिनी लोक) या शब्दांच्या अक्षरांत तिचा हाताशी संबंध नाही. शंका आली तर पारंपरिक रूप पाहावे. तिथे हात नसेल तर कहाणी सोडून द्यावी.

कोश पाहतानाही असाच एक अडथळा येतो. 1716च्या कांगशी या चिनी कोशात अक्षरे ज्या घटकांनुसार लावली आहेत त्या 214 वर्गांत हाताचा क्रमांक 64वा आहे आणि तो चार रेघांच्या वर्गांत मोडतो, जरी अक्षरात आपल्याला तीनच रेघा दिसत असल्या तरी. आजच्या चिनी कोशांच्या सूचीत डावीकडचा हात तीन रेघांखाली मिळतो. तो सापडला की उजव्या भागाच्या रेघा मोजायच्या. उचलणे या अर्थाच्या 'थी'साठी त्या नऊ भरतात.

माझी सर्वांत चिवट चूक 'चाओ' आणि 'वो' यांची होती. पहिल्याचा अर्थ शोधणे, दुसऱ्याचा मी. दोन्ही सात रेघांची. 'चाओ'मध्ये हात आणि शस्त्र वेगळे असल्याने आडवी रेघ मध्ये तुटते, 'वो'मध्ये ती सलग जाते. डोळ्यांना हा फरक वर्षभर दिसला नाही. वहीत लिहू लागल्यावर चार दिवसांत तो बोटांत बसला. मोबाइलवर उच्चार टंकून अक्षर निवडण्याच्या सवयीने चिनी माणसांचीही अशी पंचाईत होते आणि त्यासाठी त्यांच्याकडे चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे : लेखणी उचलली आणि अक्षर विसरले. त्यातले पहिले अक्षर 'थी', आणि त्याच्या डावीकडे हात आहे.