जुन्या गोव्यातील चर्चवास्तू पायी कशा पाहाव्यात

पणजीपासून सुमारे 10 किलोमीटरवरच्या जुन्या गोव्यात येणारे बहुतेक प्रवासी बॉम जेझुस बॅसिलिकापाशी उतरतात, समोरचे से कॅथेड्रल पाहतात आणि परततात. हे शहर समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात मांडवीच्या धक्क्यावरून करावी, कारण पोर्तुगीज व्हाइसरॉयसुद्धा नदीमार्गेच शहरात शिरत असे. ऊन चढण्यापूर्वी निघावे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि रविवारी सकाळच्या प्रार्थना आटोपल्यावरच आत जावे.

व्हाइसरॉयची कमान ओलांडली की डावीकडे इटालियन थिएटिन पाद्र्यांचे सेंट कॅजेटन चर्च लागते. घुमट पाहून झाला की त्याखालची विहीर पाहण्यास विसरू नये. पुढचे से कॅथेड्रल एकाच मनोऱ्याचे आहे, कारण दुसरा 1776 मध्ये कोसळला.

शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये मात्र घाई करू नये. आजची वास्तू 1661 ची असली, तरी आधीच्या चर्चचे कोरीव दगडी प्रवेशद्वार तिच्यात जपलेले आहे. आतल्या फरशीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांपैकी एखादीजवळ खाली बसून पाहिल्यास पावलांनी झिजलेले घराण्याचे मानचिन्ह आणि अर्धवट पुसलेली अक्षरे दिसतात. अशा शिळांवरून जपून चालावे, एवढी विनंती.

रस्ता ओलांडून बॉम जेझुसपाशी यावे. 1605 मध्ये अर्पण झालेल्या या चर्चवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला. लाल जांभा उघडा पडल्याने ते देखणे दिसते खरे, पण सच्छिद्र जांभा गोव्याचा पाऊस शोषून झिजत राहतो, म्हणून भिंतींना हात लावू नये. गोंयकार ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहेत. 3 डिसेंबरच्या फेस्ताच्या आसपास अलोट गर्दी असते. वास्तू निरखायची असेल, तर ते दिवस टाळावेत.

येथून पश्चिमेकडचा चढ चढावा. सेंट ऑगस्टिन चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले. आज उरलेला जांभ्याचा भग्न मनोराही सुमारे 46 मीटर उंच आहे. बहुतेकांची पायपीट येथेच संपते, पण थोडे पुढे जाऊन रोझरी चर्च अवश्य गाठावे. गोव्यातील अगदी जुन्या चर्चपैकी हे एक असून, आत गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नीच्या स्मारकावर गुजराती धाटणीचे नाजूक कोरीवकाम आहे. ते पाहून बाहेर यावे आणि जेथून चालायला सुरुवात केली, ती मांडवी टेकडीवरून पाहावी.