जुनं गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालतंय? पासवर्ड रिसेटचं भगदाड आधी बुजवा

टीमचा कोड ठेवायचं सॉफ्टवेअर म्हणजे गिटलॅब, त्यातलं सीव्हीई-२०२३-७०२८ (सुरक्षेतल्या भगदाडाचा नोंदणी क्रमांक) जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, गंभीरता १० पैकी १०. तरी आजही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात ते जुनं व्हर्जन तसंच चालू असतं, कारण चालतंय ना, मग कशाला हात लावा. यात व्हायचं काय, तर 'पासवर्ड विसरलात'च्या रिक्वेस्टमध्ये कोणी दोन ईमेल घातले, एक तुमचा अन् एक चोराचा, की रिसेटची लिंक दोघांनाही जायची. तुम्ही कशावर क्लिक करायचीही गरज नाही!

पहिलं काम, व्हर्जन बघा. लॉगिन करून हेल्प पेज उघडा, वरच दिसेल. १६.१ ते १६.७ मधलं असेल तर शेवटचा आकडा तपासा, दुरुस्ती १६.७.२, १६.६.४, १६.५.६, १६.४.५, १६.३.७, १६.२.९ आणि १६.१.६ मध्ये आहे, त्याच्या खालचं म्हणजे दार उघडं.

मग बॅकअप. गिटलॅब-सीक्रेट्सची फाइल वेगळी कॉपी करा, ती नेहमीच्या बॅकअपमध्ये येत नाही आणि तिच्याशिवाय रिस्टोअर केलं तर सीआयचे (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेचे) व्हेरिएबल, म्हणजे त्यात साठवलेले पासवर्ड-किल्ल्या, गेलेच समजा.

आता अपडेट. आजच्या आज आहे त्याच लाइनचा पॅच (दुरुस्तीचं छोटं अपडेट) टाका, म्हणजे १६.५ असेल तर १६.५.६. थेट १७ ला उडी नको, १६.३, १६.७, १६.११ हे थांबे घ्यावेच लागतात, ते सवडीने करा पण करा.

बरेच जण इथेच थांबतात, आणि तेच चुकतं, कारण पॅचने दार बंद होतं, आधी कोण आत येऊन गेलं ते कळत नाही. गिटलॅब-रेल्स फोल्डरमधला प्रोडक्शन-जेसन लॉग (रिक्वेस्टच्या नोंदींची फाइल) उघडा, यूझर्स-पासवर्ड या पाथवरच्या रिक्वेस्ट शोधा, आणि ईमेलच्या जागी चौकटी कंसात एकापेक्षा जास्त पत्ते दिसले तर तो हल्लाच समजा. झिप होऊन पडलेले जुने लॉगही बघा.

असं काही सापडलं तर त्या अकाउंटचा पासवर्ड बदलाच, पण ॲक्सेस टोकन, एसएसएच की, सीआयमध्ये ठेवलेल्या क्लाउडच्या किल्ल्या, सगळं रद्द करून नवं काढा. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) चालू असलेल्यांचा पासवर्ड बदलला गेला असेल, पण चोराला लॉगिन जमलं नसणार. म्हणून ॲडमिन सेटिंगमधून टू-फॅक्टर सगळ्यांना सक्तीचं करा, ॲडमिन लोकांपासून सुरुवात करून.