गाय बसली आणि उठेना, तर काय करावं?

गाय बसली, हुसकावलं तरी उठेना, की पहिला हात जातो शेपटीकडे. शेपटी पिरगाळणं, काठीनं ढोसणं, डाग देणं आधी थांबवा. तिला उठायचं नसतं असं नाही, तिला उठता येत नसतं.

आधी डॉक्टरांना फोन करा. गावातले पशुवैद्यक लागलीच येणार नसतील, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री नंबर लावा. गाय कधी व्यायली, कितवं वेत, दूध किती, वार पडली का, वासरू ओढून काढावं लागलं का, घसरून पडली का, हे सांगायला तयार ठेवा. निम्मं निदान यातच असतं.

भरपूर दुधाची, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत बसली असेल, तर पहिला संशय दुग्धज्वराचा. नावात ज्वर असला तरी ताप नसतो; उलट कान हाताला गार लागतात, नाकपुडी कोरडी पडते आणि गाय मान वळवून कुशीवर टाकते. दुधाबरोबर रक्तातलं कॅल्शियम झपाट्यानं उतरल्यामुळे हे होतं. कॅल्शियमची बाटली शिरेतून वेळेवर गेली तर बऱ्याच गायी काही तासांत उठतात. पण ती घाईनं सोडली तर काळीज बंद पडून गाय जागीच जाते. म्हणून घरच्या घरी किंवा कुणा ऐकीव माहितगाराच्या हातून ही सुई नको. वासरू ओढताना नस दबणं, पाय मोडणं, कासदाह (दगडी), गर्भाशयातला संसर्ग यांनीही गाय बसते. त्यांचे उपचार वेगळे.

आता तुमचं काम, आणि माझ्या मते गाय वाचते ती इथेच. साडेतीनशे-चारशे किलोचं ओझं तासन् तास एकाच मांडीवर पडलं की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरायला लागतं. मग मूळ आजार बरा झाला तरी पाय साथ देत नाहीत. सिमेंटच्या कोब्यावर किंवा फरशीवर हे फार लवकर होतं. म्हणून तिला मऊ मातीवर किंवा वाळूवर घ्या आणि वर वीतभर जाड पाचट किंवा भुस्कट पसरा. हलवताना पाय किंवा मान धरून फरफटवू नका; जाड ताडपत्रीवर घेऊन सरकवा.

दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. एकानं दावं धरून मान सांभाळावी, दोघांनी कमरेच्या हाडाशी जोर लावून तिला दुसऱ्या अंगावर कलतं करावं. मग खाली दबलेला मागचा पाय ओढून मोकळा करा आणि मांडी जोरात चोळा. गाय कायम उरावर बसलेली हवी. आडवी पडली तर पोट फुगतं, चारा-पाणी श्वासनलिकेत जातं. खांद्याशी भुशाची पोती लावून टेका द्या.

बाटलीनं तेल, काढा, पेज तोंडात ओतू नका. दुग्धज्वरात गिळण्याची ताकदच कमी झालेली असते, ओतलेलं फुप्फुसात उतरतं. लाळ गळत असेल आणि गिळताच येत नसेल, तर तोंडात हातही घालू नका. पिसाळ रोगाची शंका डॉक्टरांनाच तपासू द्या. शुद्धीत असेल तर ताजं पाणी आणि हिरवी वैरण तोंडाजवळ ठेवा. पाण्याची बादली कलंडते, म्हणून रुंद घमेलं बरं.

शेण-मूत लगेच काढा, कास कोरडी ठेवा, सड रोज तपासा. दुग्धज्वराच्या गायीची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नका; मात्र दगडी असेल तर डॉक्टर सांगतील तसंच पिळा.

उठायची धडपड करताना मागचे पाय फाकत असतील, तर दोन्ही पाय गुडघ्याखाली मऊ पट्ट्यानं दीड-दोन फूट अंतर सोडून बांधा. काचणारी सुतळी नको. उचलायला कमरेच्या हाडांना आवळायचा शिकंजा वापरला तर थोडाच वेळ, छातीखाली पट्टा घेऊन. ती पायांवर भार घेत नसेल तर लगेच खाली घ्या. टांगून ठेवल्यानं इजा वाढते.

खाते, रवंथ करते, सरपटत जागा बदलते, अशा गायीची सेवा आठवडाभरही सोडू नका. जी आडवीच पडून राहते, खात नाही, डोळे खोल गेलेत, तिच्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

उठली तरी दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवा, कारण दुग्धज्वर उलटतो. पुन्हा कान गार लागले तर ती बसायची वाट न पाहता फोन करा.