जुन्या क्लबचा इतिहास कसा लिहावा : सातारा-सांगलीतील संस्थांसाठी

सातारा किंवा सांगलीसारख्या शहरात टेनिसची एक-दोन मैदाने, बिलियर्डचे टेबल, पत्त्यांची खोली आणि लांब व्हरांडा असलेला एखादा जुना क्लब असतो. त्याचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की कार्यकारिणी स्मरणिका काढण्याचे ठरवते. अशा स्मरणिकेची निम्मी पाने मनोगते, शुभेच्छा आणि जाहिराती यांनीच भरतात. इतिहासाच्या वाट्याला जी दोन पाने येतात, त्यांवरही पुष्कळदा आधीच्या स्मरणिकेतील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो. हे टाळायचे असेल तर लेखनाचे काम समारंभाच्या किमान वर्षभर आधी दोन-तीन चिकाटीच्या सभासदांकडे सोपवावे, आणि त्यांनी पहिले काही महिने एक ओळही न लिहिता केवळ कागद शोधावेत.

पहिला प्रश्न स्थापनेच्या वर्षाचा, आणि बहुतेक वाद इथेच होतात. चार मंडळी संध्याकाळी खेळायला जमू लागली ते वर्ष, नियमावली मंजूर झाली ते वर्ष, जागा मिळाली ते वर्ष, इमारत उभी राहिली ते वर्ष आणि संस्थेची नोंदणी झाली ते वर्ष ही पाचही वेगवेगळी असू शकतात. दारावरची कोनशिला फक्त इमारतीबद्दल सांगते. नोंदणी प्रमाणपत्र १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालचे असेल. संस्था सार्वजनिक न्यास ठरली असेल, तर १९५० च्या न्यास कायद्यानंतरची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदही सापडेल. काही क्लब नफा न वाटणारी कंपनी म्हणूनही नोंदले गेले. त्यांचे कागद कंपनी निबंधकांकडे शोधावे लागतात. नोंदणी उशिराची आहे म्हणून संस्था तरुण ठरत नाही आणि एखाद्या ज्येष्ठाच्या आठवणीत जुने वर्ष आहे म्हणून ती जुनीही ठरत नाही. माझे स्पष्ट मत असे की पाचही तारखा, प्रत्येकीचा पुरावा सांगून, शेजारी शेजारी छापाव्यात. त्यांतील सर्वांत जुनी तारीख अभिमानापोटी निवडून बाकीच्या झाकून ठेवू नयेत.

कागद कुठे शोधायचे हे शहराच्या राजकीय इतिहासावर अवलंबून असते, आणि या बाबतीत सातारा व सांगली यांचे मार्ग वेगळे आहेत. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. त्यामुळे तिथल्या क्लबच्या जागेसंबंधीचा पत्रव्यवहार बहुधा कलेक्टर कचेरीशी झालेला असतो, आणि क्लब सदर बझार व कॅम्पच्या परिसरात असेल तर लष्करी अधिकाऱ्यांचा संबंधही तपासून पाहावा. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान होते व ते मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. तिथे जागेचे मूळ संस्थानच्या हुकमात असण्याची शक्यता अधिक, म्हणून संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल पाहावेत आणि राजकीय पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तासगाव, विटे, इस्लामपूर येथील जुन्या संस्थांचे कागद शोधणाऱ्याने ही गावे त्या काळी सातारा जिल्ह्यात होती हे विसरू नये. नाहीतर तो चुकीच्या जिल्ह्याचे दफ्तर चाळत बसेल.

दोन्हीकडे समान असलेले काम म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि त्यावरील जुन्या फेरफार नोंदींच्या नकला मिळवणे. जागा मालकीची, सरकारी भाडेपट्ट्याची की कोणी देणगी दिलेली, हे त्यावरून कळते, आणि भाडेपट्ट्याच्या अटींवरून क्लब कोणत्या हेतूसाठी मान्य झाला होता हेही उमगते. दस्त नोंदवलेला असेल, तर दुय्यम निबंधकांकडे शोध घेता येतो.

जुन्या कागदांवर तारीख नसणे ही नेहमीची अडचण आहे, परंतु कागद स्वतःच बरेच सांगतो. पत्रशीर्षावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असे छापलेले असेल, तर तो कागद ऑगस्ट १९४९ नंतरचा आणि साधारणपणे नोव्हेंबर १९६० पूर्वीचा मानावा, कारण त्या महिन्यात जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असेल, तर तो बहुधा मे १९६० च्या अलीकडचा नसतो. पावतीवर आणे आणि पै असतील, तर ती एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता अधिक. ‘नवे पैसे’ असतील, तर १९५७ ते १९६४ या काळातील. पत्त्यात पिनकोड असेल, तर छपाई ऑगस्ट १९७२ नंतरची. छापील कागदांचा जुना साठा पुढे वर्षानुवर्षे वापरला जात असे, म्हणून अशा खुणा दोन-तीन तरी जुळाव्यात. शके दिलेले असतील, तर इसवी सनासाठी ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९. फसली सालासाठी, म्हणजे जुन्या महसुली कागदांवरील सालासाठी, ५९० किंवा ५९१. मोडीतील कागद अंदाजाने न लावता जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

सर्वांत मोलाची साधने म्हणजे इतिवृत्ताची पुस्तके आणि हिशेबाच्या वह्या. इतिवृत्तात ठराव असतात, पण संस्था प्रत्यक्षात कशी जगली हे खतावणी सांगते. टेनिसचे चेंडू, बिलियर्डच्या टेबलाचे कापड, कंदिलांचे रॉकेल, मग एका वर्षी अचानक आलेले विजेचे बिल, माळ्याचा आणि मार्करचा (खेळाचे गुण मोजणाऱ्या नोकराचा) पगार, थकलेल्या वर्गण्या : या नोंदी वर्षवार मांडल्या की भरभराटीचे आणि ओढगस्तीचे काळ आपोआप दिसू लागतात. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली झाला. त्याच्या आगेमागे बारचे उत्पन्न कसे बदलले व ती तूट कशाने भरून काढली, हे अवश्य पाहावे. महायुद्धाच्या वर्षांतही अशीच बारकाईने नजर टाकावी.

सभासदांच्या याद्या वाचताना कोण आत होते याइतकेच कोण बाहेर होते हेही लिहावे. केवळ युरोपीय अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या क्लबमध्ये पहिला भारतीय सभासद कधी आला, वकील-डॉक्टर-मामलेदार यांच्या पलीकडे सभासदत्व कधी गेले, स्त्रियांना स्वतःच्या नावाने मत कधी मिळाले, कोणत्या जातींची नावे यादीत अनेक दशके दिसत नाहीत, हे प्रश्न अवघड वाटले तरी टाळू नयेत. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास अपुराच राहतो. मार्कर, माळी, स्वयंपाकी आणि चेंडू उचलणारी मुले यांच्या कुटुंबांकडे जाऊन मुलाखती घ्याव्यात. माझ्या मते हे काम माजी अध्यक्षांच्या मुलाखतींच्या आधी करावे. मुलाखत ध्वनिमुद्रित करताना परवानगी घ्यावी, आणि सांगितलेली प्रत्येक तारीख कागदाशी ताडून पाहावी.

नामवंतांचा मोह आवरावा. क्रिकेटपटू विजय हजारे (१९१५) आणि बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर (१९३३) यांचा जन्म सांगलीचा, म्हणून ते आपल्याच मैदानावर घडले असे लिहिण्याची ओढ होते. सामन्याची नोंद, छायाचित्र किंवा वर्तमानपत्रातील बातमी हाती असेल तरच तसे लिहावे. वर्तमानपत्रांसाठी नगरवाचनालयातील जुन्या फायली चाळाव्यात. सांगलीत २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी पुष्कळ कागद नेले, नगरवाचनालयाचेही नुकसान झाले. म्हणून तिथे जुन्या सभासदांच्या घरांतील, विशेषतः पुराच्या रेषेबाहेरील घरांतील, अल्बम आणि पत्रे यांवर अधिक भर द्यावा लागतो.

मिळालेले कागद लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, त्यांवर शाईने क्रमांक घालू नयेत. मऊ पेन्सिलीने मागे छोटी खूण करावी आणि किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावे. छायाचित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे अशा क्रमाने, आज सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्यावीत. ज्यांच्याकडून वस्तू घेतली त्यांना तारखेची पोच द्यावी, वस्तू ठरल्या दिवशी परत करावी, आणि स्कॅनचा एक संच क्लबच्या कपाटात न ठेवता शहरातील ग्रंथालयाकडे द्यावा.