पीएचडी करताना या चुका टाळा, नोकरीच्या वेळी त्या महागात पडतात

व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, होतो, पेढे वाटले जातात, नावाआधी डॉक्टर लागतं. दोन-तीन महिने जातात आणि फोन येतो, "सर, आता पुढे काय करू?" असे फोन मला बरेच येतात आणि दर वेळी जीव हळहळतो. कारण या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपूर्वी, प्रवेश घेतानाच अर्धंअधिक ठरून गेलेलं असतं. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राहतो. तो लिहिताना लागलेली कामाची पद्धत मात्र माणसाबरोबर जन्मभर राहते.

गाइड निवडताना चौकशी न करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. "सर स्वभावाने चांगले आहेत", "मॅडम सही अडवत नाहीत", "घरापासून जवळ पडतं" एवढ्यावर गाइड ठरतो. विचारायचा प्रश्न वेगळाच असतो: यांच्याकडे याआधी ज्यांनी पीएचडी केली, ते आज कुठे आहेत?

हे शोधणं अवघड नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत आणि तिथे मार्गदर्शकाच्या नावाने शोधता येतं. मागच्या दहा वर्षांतली चार-पाच नावं काढा आणि त्यांतल्या दोघांना तरी फोन करा. किती वर्षं लागली, गाइडने मसुदे वाचले का, परिषदांना पाठवलं का, शिफारसपत्र वेळेवर दिलं का, हे विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. तुमचा नंबर कितवा आणि आधीचे विद्यार्थी कुठवर पोहोचले आहेत, हेही विचारून घ्या.

विभागाचं वळण विद्यार्थ्याला किती लागतं, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईचं यूडीसीटी, म्हणजे आजचं रसायन तंत्रज्ञान संस्थान. 1933 साली सुरू झालेल्या या विभागातल्या प्राध्यापकांचा रासायनिक उद्योगांशी सततचा संबंध असे. कारखान्यातल्या अडचणी प्रयोगशाळेत येत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी 1969 मध्ये तिथेच प्रा. एम. एम. शर्मांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली. 1976 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि 1989 मध्ये तिचे संचालक झाले. संशोधन आणि उद्योग यांची सांगड हा त्यांच्या पुढच्या कामाचा कणा राहिला. माणूस गुणी होताच, पण ज्या वातावरणात तो संशोधन शिकला, त्याचाही यात वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

"पीएचडी झाली की प्राध्यापकी" असं धरून चालणं

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची होणार होती. ती सक्ती आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै 2023 पासून नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा हीच किमान अर्हता ठरली. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र पीएचडी लागतेच. दरम्यान कितीतरी जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत राहतात. म्हणून एकाच दारापाशी उभं राहू नका. प्रयोगशाळा, उद्योग, धोरणसंस्था, प्रकाशन, अभिलेखागार यांपैकी एखादा मार्ग दुसऱ्या वर्षापासूनच नजरेत ठेवा.

कोर्सवर्क आणि शिकवण्याचे तास उरकून टाकणं

पीएचडीत किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क, म्हणजे ठरावीक विषयांचा अभ्यासक्रम, असतं, त्यातच संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय येतो. 2022 च्या नियमांत शोधविद्यार्थ्याला अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण द्यावं, असंही म्हटलं आहे. आठवड्याला 4 ते 6 तासांचं अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम त्याला देता येतं. विभाग आपणहून देत नसेल तर विभागप्रमुखांकडे लेखी मागा. वर्गात उभं राहिल्याशिवाय आपल्याला विषय किती कळला आहे, हे समजत नाही. मुलाखतीत नेमकं तेच उघडं पडतं.

पैसे भरून पेपर छापणं

प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती 2022 मध्ये निघाली. त्याचा अर्थ अनेकांनी "आता छापायची गरज नाही" असा घेतला, तर काहींनी आठवड्याभरात स्वीकृती देणारी नियतकालिकं गाठली. दोन्ही घातक. 2018 च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीची यादी करताना पीएचडीला 30 गुण आहेत, पण त्याखेरीज शोधनिबंधांना आणि अनुभवाला प्रत्येकी 10 पर्यंत गुण वेगळे आहेत. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही आता बंद झाली आहे, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी तुमच्यावरच आहे. संपादक मंडळातल्या एखाद्या नावाला मेल करून खात्री करा. मागच्या अंकातले दोन लेख वाचा. लेख वाचवत नसतील, तर तिथे आपलं नाव नको. बनावट नियतकालिकातला पेपर मागे घेणं फार कठीण असतं आणि निवड समितीत जाणकार माणूस असेल तर त्याच्या ते लगेच लक्षात येतं.

विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी एक जोड: पेटंटची शक्यता असेल तर आधी अर्ज करा, मग पेपर. प्रबंध शोधगंगावर चढला तरी ते प्रकाशनच ठरतं आणि शोधाचं नावीन्य संपतं.

पैशांचं आणि वेळेचं गणित न मांडणं

जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) दोन आणि एसआरएफची (वरिष्ठ) तीन, अशी फेलोशिप पाच वर्षं मिळते. जानेवारी 2023 पासून दर महिन्याला 37,000 आणि नंतर 42,000 रुपये. पीएचडी मात्र सहा वर्षांपर्यंत लांबू शकते. शेवटचं वर्ष हातात पैसा नसताना काढावं लागलं की माणूस मिळेल ती नोकरी धरतो आणि प्रबंध रखडतो. महिलांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. कितीतरी जणींना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही आत्ता पाचव्या वर्षात असाल आणि यातलं काहीच झालं नसेल, तरी तीन महिन्यांत करण्यासारखं बरंच आहे. प्रबंधातलं सर्वांत पक्कं प्रकरण निवडून त्याचा एकच चांगला लेख करा. बायोडेटात प्रबंधाच्या लांबलचक शीर्षकाखाली तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते लिहा: साठ मुलाखती घेतल्या, मोडी कागद वाचले, अमुक यंत्र स्वतः चालवलं, एवढ्या आकडेवारीवर काम केलं. आणि गाइडखेरीज तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोघांकडे शिफारसपत्रासाठी आजच शब्द टाका. जाहिरात आल्यावर हातात पंधरा दिवस असतात आणि त्यातले दहा चांगल्या पत्राची वाट पाहण्यातच जातात.