टीएच म्हणजे डोपामिन नव्हे: मोनोअमाइन पेशींचा नकाशा करताना या चुका टाळा

रॅटच्या मेंदूचा काप आहे. चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाशी दोन्ही बाजूंना तपकिरी पेशींचे दाट पुंजके. टीएच, म्हणजे टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमचा रंग झकास उमटलाय आणि खाली लिहिलंय, ‘डोपामिन पेशी’. ही चूक मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की आधी तीच सांगतो. हे पुंजके म्हणजे लोकस सिरुलिअस, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं मुख्य ठाणं.

डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी 1964 मध्ये रॅटच्या मेंदूतले ए1 ते ए12 आणि बी1 ते बी9 हे मोनोअमाइन (डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी संदेशवाहक रसायनं) बनवणाऱ्या पेशींचे गट नोंदवले, तेव्हा फॉर्मल्डिहाइडच्या वाफेमुळे खुद्द अमाइनच चमकत होतं: कॅटेकोलअमाइन (डोपामिन आणि त्याचे भाऊबंद) हिरवं, सेरोटोनिन पिवळं. आपण अँटिबॉडीने बघतो ते एन्झाइम. टीएच तर डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅड्रेनॅलिन या तिघांच्याही वाटेवर लागतं. डोपामिनचं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन करायला डीबीएच हे एन्झाइम हवं, त्यापुढच्या पायरीला पीएनएमटी. म्हणून मेंदूच्या मागच्या भागात लगतच्या कापांवर या दोन्हींच्या अँटिबॉडी लावाच. आणि डीबीएच नाही म्हणजे डोपामिनच, असंही समजू नका. हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट भागात काही टीएच पेशींमध्ये एएडीसी हे पुढचं एन्झाइमच नसतं; डोपामिनच्या आधीच्या एल-डोपापाशीच गाडी अडते.

टीएच-क्रे माउस (टीएचच्या जनुकाबरोबर क्रे हे एन्झाइम चालू होणारा उंदीर) वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. व्हीटीए या मध्यमेंदूतल्या डोपामिन-भागाच्या आसपास ज्या पेशींमध्ये टीएच प्रथिन सापडत नाही, त्यातल्या काहींमध्येही क्रे चालू असतं. टीएचची अँटिबॉडी लावून किती पेशी जुळतात ते मोजल्याशिवाय नकाशा काढू नका. व्हीटीएसाठी डॅट-क्रे (डोपामिन ट्रान्सपोर्टरच्या जनुकावर चालणारं क्रे) बरंच नेमकं पडतं.

6-ओएचडीए हे कॅटेकोलअमाइन पेशी मारणारं विष दिल्यावर टीएच पेशी घटल्या की लगेच ‘पेशी मेल्या’ असं लिहिलं जातं. पेशी जिवंत राहून नुसतं टीएच बनवायचं थांबवू शकते. सोबत निस्सल रंग किंवा NeuN ची अँटिबॉडी लावा; टीएच नसलं तरी पेशी दिसते.

सेरोटोनिनसाठी मेंदूत टीपीएच2 हे सेरोटोनिन बनवणारं एन्झाइम शोधा, टीपीएच1 नव्हे.

लोकस सिरुलिअस एकाच बाजूला दिसला तर आधी ब्लेडकडे बघा. ठोकळा जरा तिरका बसला की डावी-उजवी बाजू वेगळ्या पातळीवर कापली जाते. रॅटमध्ये हा पुंजका इतका लहान असतो की थोड्याशा तिरकेपणानेही एक बाजू निसटते. आणि कुठेच रंग आला नाही तर स्ट्रायटमचा एक काप त्याच डब्यात टाका. टीएचच्या तंतूंनी तो गच्च भरलेला असतो. तोही कोरा राहिला, तर दोष अँटिबॉडीत किंवा फिक्सेशनमध्ये आहे.